‘तार्त्युफ’ बघताना नजर कुणावर ठेवायची

“अगं, पण तो तार्त्युफ येणार कधी?”

आईने मला हे तीनदा विचारलं. आम्ही दोघी घरी लॅपटॉप टीव्हीला जोडून सतराव्या शतकातला फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या ‘तार्त्युफ’चं रेकॉर्डिंग बघत होतो. नाटक फ्रेंचमध्ये, खाली इंग्रजी सबटायटल्स, आणि मी शेजारी बसून तिला मराठीत सांगत होते. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण नाटकाला नाव त्या माणसाचं, स्टेजवर प्रत्येकाच्या तोंडी तोच, त्याच्यावरून घरात भांडणं, रडारड, आणि दोन अख्खे अंक संपले तरी त्याचा पत्ता नाही. नाटक १९६२ ओळींचं आहे आणि तार्त्युफचं पहिलं वाक्य येतं ८५३व्या ओळीला. मोलिएरने प्रस्तावनेत स्वतःच लिहून ठेवलंय की या बदमाशाच्या एन्ट्रीची तयारी करायला मी पूर्ण दोन अंक खर्च केले.

मग त्या दोन अंकात आपण काय बघायचं? हा लेख मी त्यासाठीच लिहितेय. बरेच लोक हे नाटक ‘ढोंगी बाबाचं नाटक’ म्हणून बघायला बसतात आणि त्या बाबाची वाट बघता बघता समोर चाललेली खरी गोष्ट त्यांच्या हातून निसटते. माझ्या मते हे नाटक ऑर्गोंचं आहे. ऑर्गों म्हणजे घरचा कर्ता पुरुष, ज्याने तार्त्युफला घरात आणलं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, मोलिएर स्वतः त्याच्या नाटक कंपनीचा प्रमुख, लेखक आणि सगळ्यात मोठा विनोदी नट होता, वाटेल तो रोल त्याला घेता आला असता, त्याने घेतला ऑर्गोंचा. तार्त्युफ केला द्यु क्रोआझी नावाच्या नटाने.

आधी घर समजून घेऊ. पॅरिसमधलं पैसेवाल्या माणसाचं घर. ऑर्गोंची पहिली बायको वारलेली, तिची दोन मुलं, दामिस आणि मारियान. दुसरी बायको एल्मीर, हुशार आणि अतिशय शांत डोक्याची. तिचा भाऊ क्लेआंत, जो सगळ्यांना समजावत असतो आणि ज्याचं कुणी ऐकत नाही. ऑर्गोंची आई मादाम पेर्नेल. आणि दोरीन, घरात काम करणारी, जी मालकाला तोंडावर बोलते आणि सगळ्यात जास्त तिलाच कळतं. या घरात ऑर्गोंने चर्चमध्ये भेटलेला एक माणूस आणून ठेवलाय. दोरीन म्हणते की आला तेव्हा याच्या पायात बूट नव्हते आणि अंगावरचे सगळे कपडे मिळून सहा दिडक्यांचे होते, आणि आता हा घरातल्या प्रत्येकाला काय करायचं नि काय नाही ते सांगतो.

इथे एक गोष्ट माहीत नसेल तर नाटक अर्धवट कळतं. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये श्रीमंत कॅथलिक घरांमधून एक पद्धत होती, आध्यात्मिक मार्गदर्शक ठेवायचा. तुमच्या मनात काय चाललंय, काय पाप, काय पुण्य, मुलीचं लग्न कुणाशी करावं, दानधर्म किती, पाहुण्यांना घरी बोलवावं का, सगळं त्याला विचारायचं. बहुतेक वेळा हा पाद्री असायचा, पण दीक्षा न घेतलेली माणसंही हे काम करायची. म्हणजे ऑर्गों काही जगावेगळं करत नव्हता, त्याच्या काळातल्या प्रतिष्ठित लोकांसारखंच वागत होता. प्रेक्षकांपैकी कितीतरी जणांच्या घरी असा कुणीतरी असणार, म्हणूनच नाटक इतकं झोंबलं.

आता पहिल्या अंकातला तो प्रसिद्ध प्रवेश, ज्याला आई इतकी हसली की मला पॉज करावं लागलं. ऑर्गों दोन दिवस गावाला जाऊन आलाय. दोरीनला विचारतो, घरी काय, सगळे बरे आहेत ना? ती सांगते, बाईसाहेबांना परवा संध्याकाळपर्यंत ताप होता, डोकं भयंकर दुखत होतं. ऑर्गों विचारतो, “आणि तार्त्युफ?” ती म्हणते, तो काय, मस्त आहे, जाडजूड, तुकतुकीत, ओठ लालचुटुक. ऑर्गों म्हणतो, “बिच्चारा!” मग ती सांगते, रात्री बाईसाहेबांना एक घास गेला नाही. “आणि तार्त्युफ?” त्याने त्यांच्यासमोर बसून अगदी भक्तिभावाने दोन तित्तिर आणि मटणाची अर्धी तंगडी संपवली. “बिच्चारा!” बाईसाहेबांना रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तार्त्युफ जेवणावरून उठून थेट गरम गादीत, सकाळपर्यंत ढाराढूर. “बिच्चारा!” शेवटी बाईसाहेबांचं रक्त काढलं, तेव्हाचा तोच उपचार, आणि मग त्यांना बरं वाटलं. तार्त्युफने, त्यांचं जेवढं रक्त गेलं ते भरून काढायला म्हणून, नाश्त्याला चार मोठे ग्लास वाइन घेतली. “बिच्चारा!”

चार वेळा तोच प्रश्न, चार वेळा तेच उत्तर. पहिल्यांदा हसू येत नाही, नुसतं विचित्र वाटतं. दुसऱ्यांदा येतं. तिसऱ्यांदा आपण त्या वाक्याची वाट बघतो आणि चौथ्यांदा ते यायच्या आधीच हसायला लागतो. टायमिंग म्हणून हे शिकण्यासारखं आहेच, पण माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे असतं. ऑर्गोंला कुणी फसवत नाहीये इथे. तार्त्युफ स्टेजवर नाही, कुणी खोटं बोलत नाहीये, दोरीन शब्दन् शब्द खरं सांगतेय. बायको आजारी होती हे त्याच्या कानावर पडतंय आणि आत पोचत नाहीये. फसवणारा समोर नसतानाही फसणं चालू आहे, म्हणजे यातलं अर्धं काम ऑर्गों स्वतःच करतोय ना?

पुढच्याच प्रवेशात तो क्लेआंतला सांगतो की हा भेटला कसा. चर्चमध्ये तार्त्युफ रोज ऑर्गोंच्या समोर येऊन गुडघे टेकायचा, मोठमोठे सुस्कारे सोडायचा, सारखा जमिनीचं चुंबन घ्यायचा, ऑर्गों बाहेर निघाला की पळत पुढे जाऊन दारात तीर्थाचं पाणी द्यायचा. पैसे दिले तर त्यातले काही परत करायचा, म्हणायचा इतक्याची माझी लायकी नाही, आणि परत घेतले नाहीत तर ऑर्गोंच्या डोळ्यासमोर गरिबांना वाटायचा. एकदा प्रार्थना करताना तार्त्युफच्या हातून पिसू मारली गेली तर ती जास्त रागाने मारली म्हणून स्वतःला दोष देत बसला. ऑर्गों हे सगळं भारावून सांगतो आणि मग सहज एक वाक्य बोलून जातो की याच्या शिकवणीने मी आता कशातच गुंतत नाही, भाऊ, मुलं, आई, बायको सगळे मेलेले बघितले तरी मला एवढंसुद्धा वाटणार नाही. आणि चुटकी वाजवतो, म्हणजे बहुतेक नट इथे चुटकी वाजवतात.

या वाक्यावर थिएटरमध्ये हशा येतो. आई हसली नाही. “हा असं अभिमानाने सांगतोय?” एवढंच म्हणाली.

हो, अभिमानानेच. वैराग्य ही खरी आणि मोठी गोष्ट आहे, ख्रिस्ती परंपरेत आहे, आपल्याकडेही आहे, आणि मोलिएर तिची टिंगल करत नाहीये. तो दाखवतोय की मोठ्या गोष्टीची भाषा छोट्या माणसाच्या हातात पडली की ती तो कशासाठी वापरतो. तार्त्युफ ती भाषा पोट भरायला वापरतो. ऑर्गों कशासाठी वापरतो हे हळूहळू उलगडतं, आणि ते जास्त भीतीदायक आहे. दुसऱ्या अंकात तो मारियानचं व्हालेरशी ठरलेलं लग्न मोडून तिला तार्त्युफला द्यायचं ठरवतो. चौथ्या अंकात ती पोरगी त्याच्या पायाशी बसून रडते, म्हणते मला मठात पाठवा पण हे लग्न नको. त्या वेळी ऑर्गों स्वतःशी एक ओळ पुटपुटतो, अर्थ साधारण असा की मना, घट्ट राहा, माणसाचा दुबळेपणा नको. म्हणजे त्याला आतून भरून आलंय! बापाचं काळीज हललंय, आणि ते हलणं म्हणजेच पाप असं त्याने स्वतःला शिकवलंय. ही एक ओळ मारियानला ऐकू जात नाही, फक्त आपल्याला ऐकू येते. चांगला नट इथे क्षणभर मुलीच्या डोक्याकडे हात नेतो आणि मागे घेतो, मी एका प्रयोगात असं बघितलंय आणि ते विसरता येत नाही.

तार्त्युफची एन्ट्री आता सांगते, एवढी वाट बघितलीच आहे तर. तिसरा अंक, दुसरा प्रवेश. तो आत येतो, समोर दोरीन दिसते, आणि लगेच मागे वळून नोकराला मोठ्याने सांगतो की लोरां, माझा टोचणारा केसांचा सदरा आणि अंगावर मारून घ्यायचा आसूड ठेवून दे. हे दोन्ही त्या काळी कडक साधना करणाऱ्यांच्या वापरातल्या वस्तू. दोरीन दिसली म्हणून हे वाक्य आलं, इतकं साधं आहे. मग तो खिशातून रुमाल काढून तिला देतो, म्हणतो आधी छाती झाक, मला बघवत नाही, मनात पाप येतं. दोरीन म्हणते, तुम्ही फारच लवकर घसरता बुवा, मी तर तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत उघडं बघितलं तरी मला काही होणार नाही. दोन मिनिटांत सगळा माणूस कळला. दोन अंकांची तयारी असल्यामुळेच दोन मिनिटं पुरतात.

नंतर तो एल्मीरला एकटी गाठतो. हात तिच्या गुडघ्यावर. ती विचारते, हा हात काय करतोय? तो म्हणतो, कपडा बघत होतो, किती मऊ आहे. दामिस बाजूच्या खोलीत लपून हे सगळं ऐकतो, बाहेर येतो, आणि बापाला सांगतो. आपल्याला वाटतं संपलं, पकडला गेला. इथे मोलिएरने जी खेळी केलीय तिला माझ्या मते रंगभूमीवर तोड नाही. तार्त्युफ नाकारत नाही. तो म्हणतो, हो, मी वाईट आहे, पापी आहे, नीच आहे, मला चोरासारखं हाकलून द्या. प्रत्येक शब्द खरा! आणि तरी ऑर्गों मुलावरच उसळतो, कारण त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की संतच स्वतःला पापी म्हणतो. अशा माणसावर आरोप करणार कसा? तो आरोप मान्य करतो आणि त्या मान्य करण्यानेच मोठा होतो. मुलाला वारसा नाही वर शाप, घराबाहेर, आणि सगळ्या मालमत्तेचं बक्षीसपत्र तार्त्युफच्या नावावर. याच वेळी ऑर्गों तार्त्युफला सांगतो की तू माझ्या बायकोबरोबर दिवसभर राहा, लोकांनी बघू दे, जगाला चिडवण्यात मला सगळ्यात जास्त आनंद आहे. हे वाक्य धरून ठेवा. घरात कुणीच आपलं ऐकत नाही असं वाटणाऱ्या माणसाला एक असा पाहुणा मिळालाय ज्याच्या नावावर तो सगळ्यांना वाकवू शकतो, आणि वर ते पुण्य. त्याला तार्त्युफ हवाय. तार्त्युफ नसता तर त्याने दुसरा कुणी शोधला असता असं मला ठामपणे वाटतं.

टेबलाचा प्रवेश चौथ्या अंकात. एल्मीर नवऱ्याला म्हणते, कानांनी पटत नाही ना, डोळ्यांनी बघ, आणि त्याला टेबलाखाली बसवते, वरून कापड. तार्त्युफला बोलावते आणि आपलंही मन आहे असं दाखवते. तार्त्युफ चतुर, म्हणतो नुसत्या शब्दांवर माझा विश्वास नाही, काहीतरी प्रत्यक्ष हवं. एल्मीर खोकते. टेबलाखालच्या माणसाने आता बाहेर यावं म्हणून खोकते. तो येत नाही. तार्त्युफ तिला खोकल्यासाठी ज्येष्ठमधाची गोळी देऊ करतो. ती पुन्हा खोकते, टेबल वाजवते, तो तरी येत नाही.

आणि मग ती जे बोलते त्यात एक भाषिक गंमत आहे जी सबटायटल्समध्ये हमखास हरवते. फ्रेंचमध्ये ‘ऑं’ म्हणून एक सर्वनाम आहे, त्याचा अर्थ कुणीही होऊ शकतो, आपण, लोक, कुणीतरी, तू, तो. एल्मीर म्हणते की ‘ऑं’ला माझ्या सांगण्यावर विश्वासच ठेवायचा नसेल, ‘ऑं’ला आणखी भक्कम पुरावाच हवा असेल, तर मला नाइलाजाने तयार व्हावं लागेल, आणि यात काही वाईट झालं तर दोष माझा नाही. तार्त्युफला वाटतं हे माझ्याबद्दल चाललंय. प्रत्यक्षात ती टेबलाशी बोलतेय. एकच वाक्य, दोन कानांसाठी. मी आईला सांगताना ‘कुणाला’ असं म्हटलं, “कुणाला पुरावाच हवा असेल तर,” आणि ते मराठीत मस्त बसलं, आपणही घरात टोमणा मारताना अगदी असंच ‘कुणाला तरी’ म्हणतो.

याच प्रवेशात नाटकाचा वैचारिक गाभा आहे, तो जरा सावकाश बघू. एल्मीर म्हणते, तुम्ही सारखं देवाचं नाव घेता, त्याची भीती नाही का? तार्त्युफ म्हणतो, काही सुखांना देवाची मनाई आहे खरी, पण त्याच्याशी तडजोड करता येते. एक शास्त्र आहे, गरजेप्रमाणे सदसद्विवेकाच्या गाठी सैल करायचं, हेतू शुद्ध असला की कृतीतला दोष धुतला जातो. आणि शेवटी, बोभाटा होतो तेच पाप, गुपचूप केलेलं पाप पाप नव्हे.

हे त्याने हवेतून आणलेलं नाही. कॅथलिक धर्मशास्त्रात एक शाखा होती, नैतिक पेचांमध्ये केस बघून निर्णय द्यायची. भुकेल्याने पाव चोरला तर किती दोष, जीव वाचवायला खोटं बोललं तर चालेल का, असे खरे प्रश्न होते आणि विचार करणारी प्रामाणिक माणसंही होती. पण हेतू बघून सूट द्यायला लागलं की ती दोरी किती ताणायची? फ्रेंच विचारवंत पास्कालने १६५६-५७ मध्ये पत्रांच्या रूपात या सगळ्यावर, विशेषतः जेझुइट या कॅथलिक संघातल्या पंडितांवर कडाडून हल्ला केला होता आणि सगळ्या पॅरिसने तो वाचला होता. त्यामुळे सात-आठ वर्षांनी तार्त्युफ स्टेजवरून ‘हेतूची शुद्धता’ म्हणाला की प्रेक्षकांना संदर्भ लगेच कळत होता.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा बारकावा, जो पाचव्या अंकात पटकन येऊन जातो. ऑर्गोंच्या एका मित्राला राजकीय भानगडीत देश सोडून पळावं लागलं होतं, त्याने जाताना गुप्त कागदांची एक पेटी ऑर्गोंकडे ठेवली. सापडली तर ऑर्गोंचं डोकं जाणार. ही पेटी त्याने तार्त्युफला का दिली? कारण तार्त्युफने पटवलं की पेटी माझ्याकडे ठेव, म्हणजे उद्या चौकशी झाली तर तू शपथेवर सांगू शकशील की माझ्याकडे नाही. कृतीत खोटं, शब्दात खरं, मन साफ! म्हणजे बघा, तडजोडीचं ते शास्त्र ऑर्गों स्वतःसुद्धा शिकला होता आणि वापरत होता. भोळा, सरळ माणूस एका लबाडाच्या तावडीत सापडला एवढीच ही गोष्ट असती तर मोलिएरला या पेटीची गरज नव्हती.

ऑर्गों टेबलाखालून शेवटी बाहेर येतो कधी? बायकोवर जबरदस्तीची वेळ आली तेव्हा नाही. एल्मीर म्हणते, दार उघडून बघा माझा नवरा तिकडे नाही ना, तेव्हा तार्त्युफ म्हणतो, त्याची कशाला काळजी, तो नाकाला धरून फिरवायचा माणूस आहे. तार्त्युफ बघायला बाहेर जातो आणि मग टेबलाखालचा माणूस उठतो. एल्मीर विचारते, एवढ्यात का बाहेर आलात? जा परत आत, पूर्ण खात्री करून घ्या. हसता हसता घशात काहीतरी अडकतं इथे. मग ऑर्गों तार्त्युफला म्हणतो, चालता हो माझ्या घरातून, आणि तो थंडपणे उत्तर देतो की घर आता माझं आहे, निघायचंय तुम्हाला.

पाचव्या अंकात ऑर्गों आईला सांगायला जातो आणि मादाम पेर्नेल विश्वास ठेवत नाही! लोक जळतात, दिसतं तसं नसतं, वगैरे. तो ओरडतो, मी बघितलंय, माझ्या डोळ्यांनी बघितलंय, बघणं म्हणतात ना ते बघितलंय. दोरीन शांतपणे म्हणते, तुम्ही विश्वास ठेवत नव्हता, आता तुमच्यावर कुणी ठेवत नाही. मग घर खाली करायला बेलिफ येतो, इतका नम्र, इतका गोड, म्हणतो मी तुमच्या वडिलांच्या सेवेत होतो, आणि रात्रभर दहा माणसं घेऊन तुमच्याकडेच मुक्काम करणार, सकाळपर्यंत सामान हलवा.

या नाटकाचं बाहेर काय झालं ते थोडक्यात सांगते. पहिला प्रयोग १२ मे १६६४, व्हर्सायला, चौदाव्या लुईच्या मोठ्या उत्सवात, तेव्हा फक्त तीन अंक. राजा पंचविशीतला, त्याला नाटक आवडलं, आणि तरी त्याने जाहीर प्रयोगांना बंदी घातली. कारण धार्मिक मंडळींचा दबाव जबरदस्त होता, राजाची आई त्यांच्या बाजूची, पॅरिसचा आर्चबिशप विरोधात, आणि ‘कंपनी ऑफ द होली सॅक्रामेंट’ नावाची एक गुप्त संघटना, जिने प्रयोगाच्या आधीच, एप्रिलमध्ये, हे नाटक दाबायचं ठरवलं होतं. ही माणसं गरिबांना, आजाऱ्यांना मदत करायची हे खरं आहे, आणि लोकांच्या घरात कोण कसं वागतं यावर पाळत ठेवायची हेही खरं आहे. पॅरिसच्या एका पाद्र्याने तर छापून टाकलं की मोलिएर म्हणजे माणसाच्या वेषातला सैतान आहे आणि त्याला जाळलं पाहिजे. त्या काळात हे नुसतं बोलणं नव्हतं, माणसं खरंच जाळली जात होती.

मोलिएरने राजाला अर्ज केले, नाटक बदललं. ५ ऑगस्ट १६६७ ला ‘ढोंगी’ अशा अर्थाच्या नावाने ते परत आणलं, तार्त्युफचं नाव बदलून पानुल्फ ठेवलं, कपडे बदलले, छोटी टोपी, लांब केस, मोठी कॉलर, कमरेला तलवार, सगळ्या कोटाला लेस, म्हणजे चर्चचा माणूस वाटायला नको. दुसऱ्याच दिवशी बंद! राजा तेव्हा फ्लँडर्सच्या लढाईवर होता, पॅरिसच्या न्यायालयाच्या प्रमुखाने बंद केलं, आणि ११ ऑगस्टला आर्चबिशपने हुकूम काढला की हे नाटक करणारा, वाचणारा, नुसतं ऐकणारासुद्धा धर्मबहिष्कृत. मोलिएरने दोन नट थेट लीलच्या छावणीत राजाकडे पाठवले. अखेर ५ फेब्रुवारी १६६९ ला, जवळजवळ पाच वर्षांनी, पाच अंकी ‘तार्त्युफ’ जाहीरपणे झालं आणि तुफान चाललं. आज कोमेदी-फ्रांसेझ या पॅरिसच्या सरकारी नाट्यसंस्थेत सगळ्यात जास्त प्रयोग झालेलं नाटक हेच आहे, आणि फ्रेंचमध्ये ‘तार्त्युफ’ हा ढोंगी माणसासाठीचा साधा शब्द होऊन बसलाय.

हे कळलं की नाटकाचा शेवट समजतो, जो पहिल्यांदा बघताना ओढूनताणून वाटतो. तार्त्युफ त्या पेटीची चहाडी करून पोलीस अधिकाऱ्याला घेऊन येतो, ऑर्गोंला पकडा म्हणतो, आणि अधिकारी तार्त्युफलाच अटक करतो. मग राजाचं मोठं कौतुक, राजा सगळं ओळखतो, त्याला कुणी फसवू शकत नाही. बक्षीसपत्र राजाच्या अधिकारात रद्द, ऑर्गोंला माफी. काही समीक्षकांना हा शेवट म्हणजे राजाची खुशामत वाटते. थोडी असेलही, पाच वर्षं राजाच्या एका होकारावर नाटक अडकलं होतं. पण मला त्यात दुसरं दिसतं. घरातल्या कुणाच्याच हातात सुटका उरली नव्हती. क्लेआंतचं शहाणपण, दामिसचा राग, एल्मीरचं धाडस, व्हालेरने पळून जायला आणलेले हजार लुई, काहीच पुरत नव्हतं, कारण घरच्या मालकाने स्वतःच्या हाताने सही केली होती.

आपल्याकडे मोलिएर फार पूर्वीपासून येऊन राहिलाय, बरेचदा न सांगता. हरिभाऊ आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ त्याच्यावरूनच केलं, आणि देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चं मूळ मर्फीच्या इंग्रजी नाटकातून मागे मागे जात मोलिएरच्या ‘स्गानारेल’पर्यंत पोचतं. म्हणजे फाल्गुनरावावर हसलेल्या माणसाला हा विनोद परका वाटायचं कारण नाही, बंद डोक्याचा नवरा आपल्या ओळखीचाच आहे.

बघायचं असेल तर एक सांगते, मूळ नाटक पद्यात आहे, बारा अक्षरावयवांच्या ओळी, सहाव्यावर यती, दोन-दोन ओळींना यमक. भाषा कळत नसली तरी पाच मिनिटं सबटायटल्स सोडून नुसतं ऐका, आपल्याला छंदाची सवय आहे, तो ठेका कानाला लगेच लागतो, आणि कुठे यमकावर हशा येतो ते समजायला लागतं. आजचे दिग्दर्शक याला वाटेल तिथे नेतात. २०१८ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने ते बर्मिंगहॅममधल्या पाकिस्तानी मुस्लिम कुटुंबात नेलं. २०२२ मध्ये, मोलिएरच्या जन्माला ४०० वर्षं झाली तेव्हा, कोमेदी-फ्रांसेझने १६६४ ची तीन अंकी आवृत्ती जुळवून केली, त्यात पाचव्या अंकातला राजाचा अधिकारीच नाही. धर्म बदला, देश बदला, टेबल तेच राहतं.

आमचं नाटक संपलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऑर्गों म्हणाला, चला, राजाचे आभार मानू आणि मग व्हालेर-मारियानचं लग्न लावू. पडदा. आई चष्मा पुसत म्हणाली, “आणि बायकोला सॉरी म्हणाला का तो?”

मी दुसऱ्या दिवशी संहिता काढून पाचवा अंक पुन्हा वाचला. नाही म्हणत. तार्त्युफला अटक झाल्यावर एल्मीरच्या वाट्याला फक्त दोन शब्द आहेत, ‘छान झालं’ अशा अर्थाचे. नंतर बाकीचे बोलत राहतात, ती गप्प असते. त्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी सगळे ऑर्गोंच्या मागे बाहेर जायला वळतात तेव्हा ती टेबलाजवळ उभी आहे, आणि कापडाची सरकलेली कड हाताने सरळ करतेय.